बँकेच्या अ‍ॅपमधली काळी स्क्रीन : संरक्षण की जाच?

कोकणकडा :
आई कणकवलीला, मी ठाण्यात. "वर तीन रेघा दिसतायत का, त्या दाब" असं फोनवर सांगून सांगून दोघंही रडकुंडीला यायचो. मग मी माझ्याच फोनची स्क्रीन रेकॉर्ड करून पाठवायला लागलो. स्पर्श दाखवायचा पर्याय चालू केला की बोट टेकवलं तिथे ठिपका उमटतो, आणि माइकवरून सांगत जायचं. एसटीचं तिकीट, गॅसचं बुकिंग ती आता स्वतः करते. शेजारणींनाही शिकवते, वर मलाच म्हणते, "जरा सावकाश बोलत जा."

अडतं ते बँकेपाशी. मुदत ठेव कशी करायची ते दाखवायला गेलो, तर अ‍ॅप उघडल्यापासून व्हिडिओत नुसता काळोख आणि माझा आवाज : "आता इथे दाबायचं." इथे म्हणजे कुठे? पिनचं पान झाका, मान्य. पण ठेवीची मुदत निवडायचं पान झाकून कुणाचं भलं होतं? खातं माझं, फोन माझा. निदान सेटिंगमध्ये एक बटण तरी द्या.

शून्यशिल्लक :
अ‍ॅप बनवणं हाच माझा धंदा, म्हणून बोलतो. अँड्रॉइडमध्ये फ्लॅग सिक्युअर नावाची एक खूण असते. ती लावली की स्क्रीनशॉट, रेकॉर्डिंग आणि स्क्रीन शेअरिंग, तिन्ही बंद. तुम्ही आईसाठी रेकॉर्ड करताय की कुणी भामटा लांबून बघतोय, हे त्या खुणेला कळत नाही. दोघंही पडद्याची नक्कलच मागतात. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच एनीडेस्कचं, म्हणजे लांबून दुसऱ्याचा फोन बघू देणाऱ्या अ‍ॅपचं, नाव घेऊन इशारा दिला होता. बटण दिलंत तर भामटा पहिल्यांदा तेच दाबायला लावेल.

निंबोणी :
शून्यशिल्लक यांना शंभर टक्के अनुमोदन. माझ्या मामांना मेसेज आला, "आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरवर बोला." बोलले. पलीकडच्याने एक अ‍ॅप टाकायला लावलं आणि म्हणाला, दहा रुपये भरून बघा. मामांनी ब्राउझरमध्ये कार्डाचा नंबर टाकला, एसएमएसमध्ये ओटीपी आला, आणि तो बसल्या जागी दोन्ही वाचत होता. सत्तेचाळीस हजार गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर फोन केला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, कारण आधी मामींना सांगायचं धाडस होईना. काळं आहे ते काळंच राहू द्या.

कोकणकडा :
निंबोणीताई, वाईट वाटलं वाचून. पण मामांचे पैसे बँकेच्या अ‍ॅपमधून गेलेच नाहीत. कार्ड ब्राउझरमध्ये, ओटीपी एसएमएसमध्ये, दोन्ही उघडेच. पुढच्या दाराला तीन कड्या आणि मागचं दार सताड उघडं!

शून्यशिल्लक :
हे खरं आहे. अँड्रॉइड १५ पासून स्क्रीन शेअर करताना नोटिफिकेशनमधला मजकूर आणि ओटीपी झाकले जातात. पण मामांचा फोन जुना असणार.

अर्धाचहा :
माझा राग वेगळाच. खात्यातून पैसे कापले, दुकानदाराला मिळाले नाहीत. शाखेत गेलो तर म्हणाले, "स्क्रीनशॉट पाठवा." त्यांच्याच अ‍ॅपमध्ये स्क्रीनशॉट निघत नाही! शेवटी पोराच्या फोनने माझ्या फोनचा फोटो काढला. त्यात ट्यूबलाइट आणि माझं नाक आलं, व्यवहार क्रमांक नाही.

शून्यशिल्लक :
काका, यूपीआयचा तो बारा आकडी क्रमांक कागदावर उतरवून द्या. तेवढा पुरतो.

अर्धाचहा :
दिला होता. "स्क्रीनशॉट लागेल" म्हणाले.

मधलीसून :
बँकेचं सोडा, मला तर रेकॉर्डिंग जरा अवघडच असावं असं वाटतं. सासूबाईंना रेल्वेचं तिकीट काढायचा व्हिडिओ करून दिला. मधेच वरून बहिणीचा मेसेज उतरला, "गेल्या का एकदाच्या?" मी न बघताच पाठवून दिला. तिकीट काढायला त्या शिकल्या, आणि लगेच काढलंही. तेव्हापासून आधी डू नॉट डिस्टर्ब लावते.

कोकणकडा :
शून्यशिल्लक, एक सरळ प्रश्न. ती खूण सगळ्या अ‍ॅपला लावावीच लागते का? पिनच्या पानापुरती नाही लावता येत?

शून्यशिल्लक :
येते. पानागणिक लावता येते. पण सरसकट लावणं सोपं. कुठलं पान झाकायचं आणि कुठलं नाही यावर बैठका घ्याव्या लागत नाहीत, आणि सुरक्षा तपासणीवालेही खूश. खरं तर सरावासाठी खोटी शिल्लक असलेला डेमो देता येईल, त्यात खुशाल रेकॉर्ड करा. मी एकदा सुचवलं होतं. "पुढच्या तिमाहीत बघू" म्हणाले.

कोकणकडा :
म्हणजे माझ्या आईचा काळोख हा सुरक्षेसाठी नाही, बैठका टाळायला!

निंबोणी :
असू दे की. ठेवीच्या पानावर शिल्लक दिसते ना? तुमचा व्हिडिओ आईंनी शेजारणीला पाठवला, शेजारणीने भिशीच्या ग्रुपवर टाकला, मग? मला त्यांचा आळस परवडला.

कोकणकडा :
शेजारणीला पाठवते हे मात्र खरं. तूर्त मी वहीच्या पानावर बटणांची चित्रं काढून फोटो पाठवलाय. आईचा निरोप आला : हिरवं बटण तू निळं काढलंयस.