गान्व्हिए: नोकुए सरोवरातील वस्ती आजवर कशी टिकली?

प्रश्न:
पश्चिम आफ्रिकेतील बेनिन देशातल्या गान्व्हिए या गावाविषयी जिथे वाचावे तिथे एवढेच आढळते, की गुलामांच्या व्यापारापासून जीव वाचवण्यासाठी तोफिनू लोक नोकुए सरोवरात खांबांवर घरे बांधून राहिले. पण तो धोका टळल्यानंतरही हे लोक काठावर परत का गेले नाहीत? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
गुलाम म्हणून विकण्यासाठी माणसे पकडणाऱ्या दाहोमे राज्याच्या फोन जमातीतील सैनिकांना धार्मिक निषेधामुळे पाण्यावर चढाई करता येत नसे, असे तोंडी परंपरा सांगते. पश्चिमेला उइदा बंदरातून असंख्य माणसे अटलांटिकपार विकली जात होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आश्रयाचे मोल कळते. निषेधाइतकेच महत्त्व मी भोवतालच्या दलदलीला देईन, कारण वाटा ठाऊक नसलेल्या सैन्याला तिथे पोहोचणेच अवघड होते.

प्रतिसाद २:
आश्रयामुळे गाव वसले हे मान्य, पण ते टिकले मासेमारीमुळे. सरोवर उथळ असल्याने तळाच्या चिखलात झाडांच्या फांद्या दाटीने रोवून कुंपणासारखे आवार तयार करतात. त्याला ‘आकाद्जा’ म्हणतात. बुडालेल्या फांद्यांवर शेवाळ धरते, ते खायला आणि आडोशाला तिलापियासारखे मासे येतात, तिथेच वाढतात, आणि काही महिन्यांनी भोवती जाळे लावून, फांद्या उपसून ते पकडले जातात. पकडलेली मासळी विकण्याचे काम मुख्यतः स्त्रिया होड्यांतून करतात. माझ्या मते गान्व्हिएचा खरा वारसा हाच आहे. मात्र या पद्धतीला लाकूड फार लागते, तळाशी गाळ साचतो आणि मोकळ्या पाण्यात जाळे टाकणाऱ्यांशी तंटे होतात, हेही सांगायला हवे.

प्रतिसाद ३:
यात पाण्याच्या बदलत्या स्वभावाची भर घालतो. फ्रेंचांनी 1885 मध्ये किनाऱ्यावरील कोटोनू शहरापाशी कालवा खोदून सरोवर समुद्राला जोडले, तेव्हापासून कोरड्या ऋतूत खारे पाणी आत शिरते, तर पावसाळ्यानंतर वेमे आणि सो या नद्यांचा पूर आला की पाणी जवळजवळ गोडे होते. त्या गोड्या पाण्यात जलपर्णी माजते, होड्यांच्या वाटा अडवते आणि क्षार वाढल्यावर मरते. युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गान्व्हिए 1996 पासून आहे. पण जतनाचा विचार घरांपुरता न ठेवता कोटोनूच्या सांडपाण्याचाही बंदोबस्त व्हायला हवा, कारण मासळी संपली तर तिथे राहण्याचे कारणच उरणार नाही.