लियोंचे रेशीम विणकर खरंच चोर होते का?

ताणाबाणा:
फ्रान्समधल्या लियोंच्या रेशीम विणकरांबद्दल, ज्यांना कानू म्हणायचे, हे सारखं ऐकायला मिळतं की ते व्यापाऱ्याचं रेशीम थोडं थोडं काढून बाहेर विकायचे. मला हे सरसकट मान्य नाही. १९व्या शतकात तिथे माग विणकराचा आणि रेशीम व्यापाऱ्याचं, तो वजन करून माल द्यायचा, कापड झालं की परत वजन, आणि ठरलेल्या घटीपेक्षा तूट जास्त निघाली की मजुरीतून कापायचे. आता कांड्या भरताना धागा तुटतो, गाठी मारताना तुकडे जातात, ताण्याचं शेवटचं टोक मागावरच राहतं. त्यात रेशीम हवेतली ओल इतकी धरतं की ३० टक्क्यांपर्यंत पाणी घेऊनही हाताला ओलं लागत नाही. दमट दिवशी घेतलेला माल कोरड्या दिवशी परत दिला तर वजन कमी भरणारच ना! आणि तराजू व्यापाऱ्याच्या दुकानात.

गणेश_सोलापूर:
कळकळ समजते, पण चोरी होत होतीच, त्याला पीकाज द'ओंस असं खास नावसुद्धा होतं. रेशीम महाग, प्रत्येक मालातून थोडंसं काढलं तरी चांगले पैसे सुटायचे, चोरीचा माल घेणारे लोक शहरातच होते आणि वजन भरायला उरलेल्या रेशमाला पाणी नाहीतर तेल लावायचे. ज्याने भांडवल घातलंय त्याने गप्प बसायचं का? इंग्लंडमध्येही १७४९ आणि १७७७ ला याच्यावर कायदे झाले, म्हणजे त्रास एका गावापुरता नव्हता.

रेवा_क:
१७७७ चा कायदा वाचलात तर कळेल की संशयास्पद माल सापडला तर तो कुठून आला हे कारागिरानेच सिद्ध करायचं, नाही जमलं तर दोषी. हा कसला न्याय? आणि रंगाऱ्यांबद्दल कुणीच बोलत नाही. कच्चं रेशीम उकळून त्याचा डिंक काढला की जवळपास पाव वजन जातं, मग रंग चढवताना परत वाढतं, म्हणजे हात मारायला सगळ्यात सोयीची जागा तीच, तरी संशय पहिला मागावर बसलेल्यावर.

गणेश_सोलापूर:
रंगाऱ्यांचं बरोबर, तेही सुटले नव्हते. पण लियोंमध्ये १८०६ ला प्रुदोम मंडळ, म्हणजे व्यापारी आणि विणकर यांच्यातले तंटे सोडवणारं मंडळ आलं, त्यात विणकरही बसायचे, हिशोबाची वही दोघांकडे एकेक. याहून जास्त काय हवं होतं?

ताणाबाणा:
त्या मंडळात ९ जण, ५ व्यापारी आणि ४ मागवाले, बहुमत कुणाचं ते तुम्हीच बघा. दोन सदस्य सरकारी माणूस बरोबर घेऊन झडती घ्यायला येऊ शकायचे. कागदावर झडती व्यापाऱ्याचीही घेता येत होती, पण ज्याच्या घरातच माग आणि घरातच बायकापोरं, त्याच्याकडे झडती म्हणजे सगळ्या गल्लीत बदनामी. वहीचं म्हणाल तर आकडा दोन्हीकडे तोच उतरला, पण मोजला कुणाच्या काट्यावर?

आणि मला खरा राग याचा येतो की ओलीमुळे वजन बदलतं हे व्यापाऱ्यांना पक्कं माहीत होतं. १८०५ लाच लियोंमध्ये रेशमाची ओल तपासून वजन ठरवणारी सार्वजनिक संस्था सुरू झाली, पुढे १८४१ ला नमुना पूर्ण सुकवून त्यावर ११ टक्के ओल धरायची पद्धत आली. पण ही सोय रेशमाच्या गठ्ठ्यांच्या खरेदी-विक्रीसाठी, म्हणजे व्यापारी व्यापाऱ्याकडून माल घेताना. विणकराला माल देता-घेताना मात्र दुकानातलाच काटा.