मदत हवी आहे : सरासरी ४०, मध्यक २०, बहुलक ३० आणि वर्गात अनुत्तरित राहिलेला एक प्रश्न

नमस्कार.

मी अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना गणित शिकवते. पुस्तकातल्या तयार संख्यांवरून सरासरी, मध्यक आणि बहुलक काढणे मुलांना सहज जमते. पण आलेले उत्तर काय सांगते असे विचारले की वर्ग गप्प होतो. म्हणून या वेळी सामग्री मुलांनीच गोळा करावी, ताळ्याच्या खुणा (मोजणीच्या उभ्या रेघा) करून कोणते उत्तर किती वेळा आले हे दाखवणारी वारंवारता सारणीही त्यांनीच तयार करावी आणि शेवटी त्या सामग्रीचे एका वाक्यात वर्णन करावे, असे ठरवले. या उपक्रमात एका ठिकाणी माझे चुकले असे मला वाटते, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

प्रश्न मुलांनी निवडला होता : "तुम्ही किती वेळ अवांतर वाचन करता?" पंधरा जणांनी चिठ्ठ्यांवर मिनिटांत उत्तरे लिहिली. चढत्या क्रमाने मांडल्यावर ती अशी दिसली : ०, ०, १०, १५, १५, २०, २०, २०, ३०, ३०, ३०, ३०, ४०, ६०, २८०.

एका गटाने बेरीज ६०० काढून सरासरी ४० सांगितली. दुसऱ्या गटाने बरोबर मधली, म्हणजे आठवी संख्या पाहून मध्यक २० सांगितला, तर ३० ही संख्या चार वेळा आल्यामुळे तिसऱ्या गटाने बहुलक ३० सांगितला. तिन्ही उत्तरे अचूक होती आणि प्रत्येक गट आपलेच वर्णन खरे असल्याचे ठामपणे सांगत होता. तेवढ्यात एका मुलीने मोजून दाखवले की पंधरांपैकी बारा जण सरासरीच्या खाली आहेत, आणि "बहुतेक सगळेच ज्याच्या खाली आहेत, त्याला सरासरी कसे म्हणायचे?" असे विचारले.

मी सांगितले की २८० ही संख्या इतरांपासून फार दूर आहे, म्हणून ती वगळू या. ती वगळल्यावर सरासरी सुमारे २३ येते आणि मध्यक २० च राहतो, हेही फळ्यावर करून दाखवले. त्यावर मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "दूर आहे म्हणून २८० काढायचे, तर दोन शून्ये का ठेवायची? त्यांनीही इतरांसारखे वाचलेले नाही." मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. नंतर कळले की त्या दोन शून्यांपैकी एक चिठ्ठी मुळात कोरी होती आणि नोंद करणाऱ्या मुलाने कोऱ्या चिठ्ठीसाठी शून्य मांडले होते.

एखादी संख्या वगळायची की ठेवायची, हे या वयाच्या मुलांना पटेल अशा कोणत्या आधारावर ठरवावे? आणि त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर सूत्र न सांगता कसे द्यावे? प्रत्यक्ष वर्गात हे हाताळलेल्यांचा अनुभव विशेष उपयोगी पडेल.

प्रतिसाद १

मागच्या बाकावरच्या मुलाचे म्हणणे योग्य आहे, आणि ते वर्गासमोर मान्य करावे असे मला मनापासून वाटते. संख्या दूर आहे हे ती वगळण्याचे कारण होऊ शकत नाही. ते फक्त चिठ्ठीकडे परत जाऊन चौकशी करण्याचे कारण आहे. चौकशीत नोंदीची चूक आढळली तर ती दुरुस्त करावी. उत्तर खरे निघाले तर ते ठेवावे, सरासरीसोबत मध्यकही सांगावा आणि एक विद्यार्थी इतरांहून कितीतरी जास्त वाचतो, हे वर्णनात स्पष्ट लिहावे.

शून्यांच्या बाबतीतही हाच नियम लावावा. "मी वाचत नाही" असे सांगणाऱ्याचे शून्य हे खरे उत्तर आहे, पण कोरी चिठ्ठी म्हणजे शून्य नव्हे. ती चिठ्ठी बाजूला ठेवली की उत्तरे चौदा उरतात आणि मध्यक २० वरून २५ वर जातो, कारण आता मधल्या दोन संख्या २० आणि ३० आहेत. मुलांना हे अवश्य करून पाहू द्या. २८० काढल्याने न हललेला मध्यक एका कोऱ्या चिठ्ठीने हलतो, हे पाहिल्यावर नोंदी नीट ठेवण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

मला मूळ अडचण मात्र प्रश्नातच दिसते. "किती वेळ" म्हणजे दिवसाला की आठवड्याला, हे त्यात कुठेच म्हटलेले नाही. शिवाय ३० हे उत्तर चार वेळा आले, त्यामागे घड्याळ न पाहता "अर्धा तास" असा अंदाज लिहिण्याची सवय असू शकते; तसे असेल तर तो बहुलक वाचनाविषयी कमी आणि अंदाज करण्याच्या सवयीविषयी अधिक सांगतो.

प्रतिसाद २

त्या मुलीच्या प्रश्नाविषयी लिहितो. सरासरी म्हणजे समान वाटणी, एवढेच आपण बहुधा शिकवतो : ६०० मिनिटे पंधरा जणांत सारखी वाटली तर प्रत्येकाला ४० येतील. पण निम्मे लोक तिच्या वर आणि निम्मे खाली असतील असे आश्वासन सरासरी कधीच देत नाही. ते काम मध्यकाचे आहे.

संख्यारेषा आखून प्रत्येक उत्तरासाठी एक टिंब काढायला सांगा आणि ४० पासूनची अंतरे मोजायला लावा. खालच्या बारा टिंबांच्या अंतरांची बेरीज २६० येते. वरच्या बाजूला ६० चे अंतर २० आणि २८० चे अंतर २४०, म्हणजे तिकडेही २६०. सरासरी हा तोल सांभाळणारा बिंदू आहे, आणि दूरवरचे एकटे टिंब बारा जणांना तोलून धरते, हे मुलांना सूत्राविना दिसते.

त्याच अंतरांतून पुढचे पाऊलही टाकता येते. एकूण अंतर ५२० भागिले १५, म्हणजे उत्तरे सरासरीपासून सरासरीने सुमारे ३५ मिनिटे दूर आहेत. सरासरीच ४० असताना एवढे विखुरलेपण असेल, तर नुसती सरासरी सांगणे अपुरे ठरते. याउलट पंधरांपैकी नऊ उत्तरे १५ ते ३० मिनिटांत आहेत, हे वाक्य मला कोणत्याही एका संख्येपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते.

मूळ धागाकर्ती

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज चिठ्ठ्या परत काढून सर्वांना पुन्हा विचारले. २८० लिहिणाऱ्या मुलाने संपूर्ण आठवड्याची मिनिटे लिहिली होती, म्हणजे दिवसाला सरासरी ४०. बाकी सर्वांची उत्तरे एका दिवसाचीच होती. कोरी चिठ्ठी देणाऱ्याला उत्तर द्यायचे नव्हते, म्हणून ती बाजूला ठेवली. आता चौदा उत्तरांची बेरीज ३६०, सरासरी सुमारे २५.७ आणि मध्यक २५ आहे. मागच्या बाकावरच्या मुलाला मी सांगितले की त्याचा आक्षेप योग्य होता आणि माझे कारण चुकीचे होते. त्यानंतर "खरे शून्य" कोणते आणि "न दिलेले उत्तर" कोणते, याची नोंद सारणीत वेगळ्या रकान्यात करण्याची सूचना त्यानेच केली.

आता आयतालेख (प्रत्येक गटातील उत्तरांची संख्या आयताच्या उंचीने दाखवणारा आलेख) काढताना नवी अडचण आली आहे. ० ते १९, २० ते ३९ असे संख्यांचे गट, म्हणजे वर्ग, घेतले तर वारंवारता ४, ७, २, १ येते आणि दुसरा आयत सर्वांत उंच दिसतो. ० ते २९, ३० ते ५९ असे घेतले तर ती ७, ६, १ येते आणि पहिला आयत उंच होतो. सामग्री तीच असून चित्र बदलते, आणि कोणते चित्र बरोबर यावर वर्गात पुन्हा दोन तट पडले आहेत. वर्ग किती रुंद घ्यावेत हे मुलांवर सोपवून दोन्ही आलेख शेजारी लावावेत, की या वयात मीच एक रुंदी ठरवून द्यावी?