बॅकअपसाठी डेटातला रोजचा बदल मोजायचा, की ५ टक्के धरून मोकळं व्हायचं?

रामबागची_लेक
टेपवाले काकांनी परवा लिहिलं, "सर्व्हरवर रोज किती डेटा बदलतो ते मोजत बसू नका. एकूण डेटाचे ५ टक्के धरा, बॅकअपला तेवढी डिस्क अन् तेवढी इंटरनेटची लाइन घ्या, मोकळे व्हा." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हणून हे लांबलचक उत्तर.

इंदूरच्या सियागंजातल्या एका पेढीचा सर्व्हर मी बघते. डेटा ८०० जीबी. काकांच्याच हिशेबाने रोजच्या बदलाचे मी ४० जीबी धरले होते. अपलोड २० एमबीपीएस, म्हणजे फार तर तासाला ९ जीबी. साडेचार तासांचं काम. सोमवार ते शनिवार झालंही. रविवारी रात्री ११ ला लागलेला बॅकअप सोमवारी सकाळी सव्वाअकराला संपला. तोवर लाइन तुंबलेली, ई-वे बिल निघेना, हमाल भरलेल्या टेम्पोला टेकून उभे, आणि शेठ फोनवर, "ताई, काय लावून ठेवलंय तुम्ही?" लॉग उघडला तर ११० जीबी! रविवारी रात्री डेटाबेसचे सगळे इंडेक्स (नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेल्या सूच्या) रीबिल्ड होतात, म्हणजे नव्याने लिहिले जातात. नवं बिल एकही नव्हतं, तरी ब्लॉक (डिस्कवरचे डेटाचे छोटे तुकडे) बदलले होते. हे ५ टक्क्यांत कुठे बसवायचं?

टेपवाले_काका
ताई, १९९८ साली मी पिथमपूरला कारखान्यात होतो. रविवारी फुल (सगळ्या डेटाचा) बॅकअप, रोज इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्याचा), १२ जीबीची डीडीएस-३ टेप. ५ टक्क्यांनी कधी दगा दिला नाही. चूक तुमच्याकडे रीबिल्ड लावणाऱ्याची आहे. आणि मोजणार कसं? ‘फाइंड’ या कमांडने कालपासून बदललेल्या फाइली काढल्या, तर ३०० जीबीची डेटाबेस फाइल एका नोंदीसाठीसुद्धा अख्खी मोजली जाते. त्या आकड्याचं लोणचं घालायचं का?

रामबागची_लेक
फाइंडने मोजा असं मी कुठे म्हटलं? मोजायचं ब्लॉकच्या पातळीवर. आभासी सर्व्हर असेल तर बदललेल्या ब्लॉकची नोंद ठेवायची सोय असते: व्हीएमवेअरला सीबीटी, हायपर-व्हीला २०१६ पासून आरसीटी. साधं लिनक्स असेल तर एलव्हीएम या डिस्क सांभाळणाऱ्या सोयीने स्नॅपशॉट (त्या क्षणाचं चित्र) घ्या, २४ तास ठेवा; बदललेल्या ब्लॉकची जुनी रूपं त्यात साठतात, म्हणून तो किती टक्के भरला ते बघा. जागा मात्र ऐसपैस द्या, पूर्ण भरला की तो बाद होतो. झेडएफएस या फाइलसिस्टिमवर ‘रिटन’ हा आकडा बघितला की मागच्या स्नॅपशॉटनंतर किती लिहिलं ते समोर येतं.

आणि ज्या अंतराने बॅकअप घेणार, त्याच अंतराने मोजा. तोच ब्लॉक दिवसातून दहा वेळा बदलला तर रोजच्या बॅकअपमध्ये एकदाच जातो, तासातासाच्या बॅकअपमध्ये दहा वेळा जाऊ शकतो. तासाचा आकडा घेऊन २४ ने गुणणारे लोक मी पाहिलेत.

लॉगफाइल
भिया लोक, पोस्टग्रेस डेटाबेस असेल तर कशाला एवढं? त्याचा वॉल (WAL, प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो तो लॉग) दिवसभरात किती पुढे गेला ते बघा, झालं.

रामबागची_लेक
वॉल फुगतो. चेकपॉइंटनंतर (तोवरचे बदल डिस्कवर उतरवून झाल्यावर) डेटाच्या पानाला पहिला हात लागला की अख्खं ८ केबीचं पान त्यात लिहिलं जातं. वॉलच साठवणार असाल तर तो आकडा बरोबर, डिस्कवरच्या बदलासाठी नाही.

पिथमपूर_शिफ्ट
मुळात लाइनवर बॅकअप पाठवायचाच कशाला? मी रोज संध्याकाळी २ टीबीची डिस्क स्कूटरच्या डिक्कीत टाकून घरी नेतो. तुमच्या २० एमबीपीएसवर २ टीबीला नऊ दिवस लागतील. मला पाऊण तास लागतो.

लॉगफाइल
डिक्कीत? मे महिन्यात इंदूरच्या उन्हात?

पिथमपूर_शिफ्ट
संध्याकाळी नेतो म्हणालो. आधी वाचा.

रामबागची_लेक
दादा, जुलैत विजयनगर चौकात गुडघाभर पाणी होतं तेव्हा माझ्या सहकाऱ्याची डिस्क अशीच डिक्कीत होती. स्कूटर आडवी झाली. घरी येऊन डिस्क लावली तर आतून टिक टिक टिक. तीन वर्षांचे हिशेब त्या एका प्रतीवर होते. त्याचे वडील रात्रभर ती डिस्क पंख्याखाली धरून बसले होते. तो चेहरा मी विसरू शकत नाही.

पिथमपूर_शिफ्ट
एकच प्रत ठेवली ही त्याची चूक. स्कूटरला कशाला बोल लावता? माझ्याकडे तीन डिस्क फिरत्या आहेत. तुमची लाइन पावसात चार-चार दिवस बंद असते तेव्हा काय करता?

टेपवाले_काका
हे मात्र शंभर टक्के खरं. मागच्या श्रावणात आमच्याकडे पाच दिवस केबल तुटलेली होती.

रामबागची_लेक
विषय लाइनचा नाही, मापाचा आहे. तरी मान्य करते: पहिली पूर्ण प्रत डिस्कवरून न्यावी, रोजचा बदल लाइनवरून. पण तो बदल लाइनवर मावेल की नाही हे मोजल्याशिवाय कळणार कसं? मी वहीत तारीख, जीबी आणि त्या दिवशी काय चाललं होतं असे तीन रकाने आखलेत. महिनाभर लिहिलं तेव्हा दिसलं, की ११ तारखेच्या जीएसटीआर-१ च्या (विक्रीच्या विवरणपत्राच्या) आधीचे दोन दिवस आकडा दुप्पट. रंगपंचमीला अख्खं शहर गेरमध्ये (रंगांच्या मिरवणुकीत), आकडा जवळपास शून्य. त्याच आठवड्यात कुणी सरासरी काढली असती तर?

टेपवाले_काका
३१ मार्चही धरा त्यात. आमच्याकडे त्या रात्री दोन टेपा लागायच्या, तिसरी मी घरून घेऊन जायचो. हे मी ५ टक्के लिहिताना सांगायला हवं होतं. बरं, रविवारचा तुमचा मुद्दा घेतो. पण ज्याच्याकडे मोजायला माणूसच नाही त्याने काय करायचं?

रामबागची_लेक
त्याने बॅकअप सॉफ्टवेअरच्या रोजच्या अहवालातला इन्क्रिमेंटलचा आकडा वहीत उतरवावा. दोन मिनिटं लागतात. कॉम्प्रेशन (डेटा दाबून लहान करणं) आणि डिडुप (तोच डेटा पुन्हा न साठवणं) यांच्या आधीचा आकडा की नंतरचा, एवढं मात्र लिहून ठेवावं. आणि तो एका रात्रीत विनाकारण दसपट झाला तर आधी रॅन्समवेअरची (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामची) शंका घ्यावी, कारण एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली प्रत्येक फाइल बदललेलीच दिसते.

पिथमपूर_शिफ्ट
वहीचं पटलं. आजपासून लिहितो. डिस्क मात्र डिक्कीतूनच जाणार.

रामबागची_लेक
एन्क्रिप्ट केलेली आहे का ती?

पिथमपूर_शिफ्ट
नाही.

रामबागची_लेक
मग आज घरी नेऊ नका, दादा. आधी ते करा.