उत्तर केनियातला दुष्काळ: चर्चने मका वाटावा की कळप वाचवावेत?

माळरान: 2020 च्या अखेरीपासून मार्साबिट, तुर्काना भागात सलग पाच पावसाळे हुकले. चर्चच्या संस्थांनी मका, डाळ, तेल वाटलं, पण तोवर गुरं मेलीच होती. माझं म्हणणं, दुसरा पावसाळा हुकताच जनावरं विकत घ्या, तेव्हा भाव टिकून असतो, आणि उरलेल्यांना चारा द्या. 2006 साली इथिओपियातल्या मोयाले भागात व्यापाऱ्यांना कर्ज देऊन अशी सुमारे 20 हजार गुरं उचलली गेली होती.

चूलबोळकं: व्यापारी ट्रकमध्ये उभं राहू शकणारंच जनावर घेतो. रोडावलेलं शेवटी जागेवर कापून मांस वाटायला लागतं. आणि घरात मका नसेल तर बाई शेळी मातीमोलाने विकते, म्हणजे मक्याची गोणी शेळीच वाचवते. पुरुष कळप घेऊन लांब गेलेले, वस्तीवर म्हातारी आणि पोरं. चारा द्यायचा कुणाला?

माळरान: वस्तीवर मुलांच्या दुधासाठी दोन-चार शेळ्या मागे ठेवतात, त्यांना. 30 किलोच्या शेळीला रोज साधारण किलोभर सुका चारा. फक्त उपाशी जनावराला एकदम मका घालू नका, पोटात आम्ल वाढून मरतं. आधी वाळलं गवत, धान्य आठवड्याभरात हळूहळू. पाऊस येण्याआधी जंताचं औषधही हवं. अशक्त शेळ्या पहिल्या गार सरीतच दगावतात.

हौदपाणी: पाण्याचं कुणी बोलतच नाही! 10,000 लिटरचा टँकर माणशी 15 लिटरने साडेसहाशे जणांना एक दिवस पुरतो. गाईला 25 लिटर धरा, 400 गाईंत संपला. तो मिशनच्या आवारात उभा केला की कळप तिथेच घुटमळतात आणि भोवतालचं कुरण उजाड होतं. मार्साबिटमधल्या रेंडिले या पशुपालक लोकांच्या कोर, कार्गी या वस्त्या 1970 च्या दशकात मिशन, विहिरी आणि मदतीच्या धान्याभोवतीच वाढल्या.

चूलबोळकं: वाढल्या, आणि शाळा-दवाखाना तिथेच झाला, हेही सांगा की. गोदाम, गाडी, वाटांची माहिती मिशनकडे बाराही महिने असते. टँकर वाटेवरच्या हौदांवर रिकामा करा, एवढं मान्य.

हौदपाणी: मग मदत घेणाऱ्यांची यादीही आवाराबाहेर करा. इथल्याच बोराना या पशुपालक लोकांत मुस्लिम बरेच. चर्चच्या दारात नाव लिहायला सगळे येणार नाहीत. मदतीला धर्माची अट नको, हे रेड क्रॉस आणि मदतसंस्थांच्या 1994 च्या आचारसंहितेतच आहे.

माळरान: बाहेर केली तरी एकट्या वडीलधाऱ्यांवर सोडू नका, विधवा सुटतात. नावं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा, हरकती तिथेच घ्या, मगच गोण्या उतरवा.