जुन्या कॅमेऱ्यावरची खटपट : इंदूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

घरोघरी चांगले मोबाइल आले आणि त्याआधी हौसेनं घेतलेले छोटे डिजिटल कॅमेरे कपाटात गेले. त्यातल्या बहुतेकांचं काहीच बिघडलेलं नसतं. थोडी खटपट केली तर नव्या मोबाइललाही न जमणारी कामं ते करतात, हे मी स्वतः पाहतोय. म्हणून हा धागा.

आपल्या गावाला या हौसेचा वारसाही आहे. लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखक म्हणून आले. कॅमेरा त्यांनी हातात धरला तो इथेच, १८७४ च्या सुमारास, नोकरी सांभाळून. हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार ते नंतर झाले. मला स्वतःला त्यांच्या कीर्तीपेक्षा ती इंदूरची वर्षं जास्त जवळची वाटतात.

एकच विनंती. ‘कोणता कॅमेरा घेऊ’ ही चर्चा इथे नको. स्वतःच्या हातानं काय केलंत, कशानं जमलं, ते दुसऱ्याला करून बघता येईल इतकं उलगडून लिहा.

सुरुवात मी करतो. माझ्याकडे कॅननचा जुना पॉवरशॉट आहे आणि त्यावर मी सीएचडीके चालवतो. जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून लिहिलेलं हे फुकट सॉफ्टवेअर. ते मेमरी कार्डावर टाकायचं, कॅमेरा सुरू होताना ते कार्डावरून चालू होतं. कॅमेऱ्याच्या आत कायमचं काही बदलत नाही. ते कार्ड काढलं की कॅमेरा होता तसा. फक्त मॉडेल आणि आतलं फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यात कंपनीनं घातलेला प्रोग्राम, दोन्हींना जुळणारीच आवृत्ती घ्यावी लागते. एका अक्षराचा फरकही चालत नाही.

यानं साध्या कॅमेऱ्यातून रॉ फाइल, म्हणजे प्रक्रिया न केलेला कच्चा फोटो मिळतो, ठरावीक वेळानं आपोआप फोटो निघतात. पण माझा जीव जडलाय तो हालचाल ओळखणाऱ्या स्क्रिप्टवर. ती चौकटीचे लहान लहान चौकोन पाडते आणि एखाद्या चौकोनातला उजेड एकदम बदलला की स्वतःच फोटो घेते. रोहिणी-मृगाच्या पावसात मी कॅमेरा खिडकीच्या आत तिपाईवर ठेवतो, फोकस हातानं अनंतावर नेतो, फ्लॅश बंद करतो, आणि वीज पकडायचं काम त्याच्यावर सोपवतो. आकाशातली वीज बऱ्याचदा एकाच वाटेनं लागोपाठ अनेकदा झळकते. पहिल्या झळकेनं कॅमेरा जागा होतो, पुढची झळक फोटोत येते. माझा हात कधीच इतका चपळ होणार नाही. मात्र विजा चमकत असताना गच्चीवर जायचं नाही, हे घरातल्या पोरांना बजावून ठेवा.

सुदामानगरहून

वडिलांचा रशियन झेनिट होता, त्यावर हेलिऑस ४४ लेन्स. ५८ मिमी, एफ २. आता त्याच लेन्सनं मी डिजिटल फोटो काढतो. तिला मागे आटे असतात, ४२ मिमी व्यासाचे, म्हणून त्या जोडणीला एम ४२ म्हणतात. कॅननच्या डीएसएलआरला, म्हणजे आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याला बसवायला पितळेची किंवा ॲल्युमिनियमची पातळ रिंग मिळते, फार महाग नसते.

रिंग का चालते ते सांगतो, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं, म्हणजे फोटो टिपणाऱ्या पट्टीपर्यंतचं अंतर एम ४२ ला ४५.४६ मिमी लागतं. कॅननच्या ईएफ बैठकीचं अंतर ४४ मिमी. राहिली जवळजवळ दीड मिलिमीटरची फट, तेवढ्यात रिंग मावते आणि लांबचं दृश्यही स्पष्ट येतं. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘लेन्स नसतानाही शटर चालू द्या’ अशा अर्थाचा पर्याय असला तर तो चालू करायचा. फोकस आणि छिद्र दोन्ही हातानं फिरवायची. छोट्या सेन्सरवर ती ९३ मिमीच्या लेन्सइतकंच दृश्य पकडते, म्हणजे चेहऱ्यांसाठी अगदी हवी तशी. मागे झाडाची पानं असली तर ती गोल फिरल्यासारखी दिसतात. नातीचे सगळे चांगले फोटो याच लेन्सचे आहेत.

राजेंद्रनगरहून

काका, तुमचं वाचून मलाही लिहावंसं वाटलं. मी आजोबांच्या निगेटिव्हवर काम करते आहे.

आजोबांकडे आग्फा क्लिक थ्री होता. १२० च्या रोलवर चौकोनी १२ फोटो येत. निगेटिव्ह बटर पेपरमध्ये गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या. आईला वाटायचं, त्या आता कुणाच्या कामाच्या नाहीत. बाजारात एकेका निगेटिव्हचे पैसे सांगितले ते परवडण्यासारखे नव्हते, आणि डबा घराबाहेर पाठवायची माझी तयारीही नव्हती.

घरी केलं ते असं. टॅबलेटवर कोरी पांढरी चौकट उघडून उजेड पूर्ण वाढवला. दुकानांच्या पाट्या करणाऱ्याकडून दुधी ॲक्रिलिकचा तुकडा आणला आणि टॅबलेटच्या चार बोटं वर, वह्यांच्या दोन गठ्ठ्यांवर टेकवला. तो थेट काचेवर ठेवला तर स्क्रीनचे ठिपके फोटोत उतरतात, म्हणून ही उंची हवीच. वर निगेटिव्ह, भोवती काळ्या कार्डाची चौकट. कॅमेरा वरून खाली बघणारा, ५० मिमी लेन्सच्या मागे १२ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे जवळचं टिपता यावं म्हणून लावायची पोकळ नळी. एफ ८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, खोलीतले दिवे बंद.

कॅमेरा आणि निगेटिव्ह एकमेकांना अगदी समांतर हवेत, नाहीतर एक कोपरा धूसर होतो. त्यासाठी निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्यातून बघायचं. आरशात लेन्सचं प्रतिबिंब बरोब्बर मध्यभागी दिसलं की झालं. हे ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून काम भराभर होऊ लागलं. निगेटिव्हची चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे ठेवायची, म्हणजे डावं-उजवं बरोबर येतं. नंतर संगणकावर रंग काढून टाकायचे आणि कर्व्ह उलटा करायचा, म्हणजे काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं होतं.

एका निगेटिव्हमध्ये राजवाडा आहे, १९८४ ची आग लागण्याच्या आधीचा. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे लाकडी सज्ज्यांवरच्या उन्हाच्या तिरप्या रेघासुद्धा मोजता येतात. दरवाज्यासमोर एक टांगा उभा आहे. त्याच्या शेजारी सायकल, कॅरियरला सुतळीनं बांधलेला जेवणाचा डबा, आणि डब्याच्या कडीवर उन्हाचा एक पांढरा ठिपका. हा फोटो आमच्या घरी कधीच छापलेला नव्हता. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “हा डबा आपला आहे.”

सुदामानगरहून

ताई, डोळ्यांत पाणी आलं. तो राजवाडा मोठा छापून घ्या. आणि मूळ निगेटिव्ह आता बटर पेपरमधून काढून आम्लविरहित कागदी पाकिटांत ठेवा.

टिळकनगरहून

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. नववीच्या मुलांसाठी जुन्या यूएसबी वेबकॅमचा इन्फ्रारेड कॅमेरा केला आहे.

आधी सावधगिरी. फ्लॅश असलेला कॅमेरा मुलांना उघडू देऊ नका. त्याच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो टिकून राहतो. वेबकॅम ५ व्होल्टवर चालतो, म्हणून तोच घ्यायचा.

सेन्सर सिलिकॉनचा असतो, त्याला डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही दिसतो. रंग बिघडू नयेत म्हणून कंपनी लेन्सच्या मागे काचेचा छोटासा तुकडा बसवते, तिरका धरला की तो लालसर-हिरवट चमकतो. लेन्स आट्यांवरून फिरवून काढायची, हा तुकडा अलगद सोडवायचा, आणि पुढे डेव्हलप केलेल्या रंगीत निगेटिव्हचं पूर्ण काळं टोक दुहेरी करून लावायचं. हे काळं टोक दिसणारा प्रकाश अडवतं आणि अवरक्त जाऊ देतं. फोकस थोडा सरकतो, तो लेन्स फिरवून परत जुळवायचा.

टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबल्यावर त्याचा दिवा पडद्यावर लखलखला की वर्गात जो गलका होतो, त्यासाठी मी हा तास दरवर्षी घेते. मग वर्गाच्या खिडकीतून कडुलिंब दाखवते. पानं पांढरीशुभ्र! हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषतं, अवरक्त शोषत नाही, आणि पानाच्या आतले पेशींचे थर तो परत फेकतात. मुलं स्वतःहून दप्तरं, केसांच्या रिबिनी, बूट समोर धरायला लागतात. डोळ्यांना सारख्याच काळ्या दिसणाऱ्या दोन कापडांपैकी एक काळंच राहतं, दुसरं फिकट जांभळं होतं. कापड रंगवायचं द्रव्य वेगळं, म्हणून. यावर ती मुलं जे प्रश्न विचारतात ते पाठ्यपुस्तकात नाहीत.

रामबागेतून

माझं छोटंसं. पेन्सिल सेलवर चालणारे जुने कॅमेरे ‘नवे सेल टाकले तरी लगेच बंद पडतात’ म्हणून लोक फेकतात. साधे अल्कलाइन सेल दीड व्होल्टचे असले तरी कॅमेऱ्यानं एकदम जास्त विजेची मागणी केली की त्यांचा दाब घसरतो. रिचार्जचे एनआयएमएच सेल १.२ व्होल्टचेच, पण ते दाब धरून ठेवतात. ते टाकून बघा. जेल रोडवर सहज मिळतात.

मल्हारगंजहून

रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, कॅमेरा न्यायचा म्हणजे घरच्यांचा विरोध ठरलेला. यंत्रातून गुलाल राजवाड्याच्या वरपर्यंत उडतो, टँकरमधून रंगीत पाणी, आणि ते सगळं आपल्याच अंगावर येतं.

मी जाड पारदर्शक पिशवी घेतो. तळाला लेन्सच्या हूडएवढं भोक, त्यातून हूड बाहेर काढून भोवती दोन रबरबँड. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर, पिशवीची कड आणि हूड यांच्यावर चिकटपट्टी. हात खालून आत घालायचा. झूम बाहेर येणारी लेन्स अजिबात नेत नाही, ती मागेपुढे होताना भात्यासारखी हवा ओढते आणि गुलाल आत जातो. एकच ठरावीक लांबीची लेन्स, घरूनच बसवून न्यायची, वाटेत बदलायची नाही. परत आल्यावर आधी कोरडा ब्रश, मग ब्लोअर, ओला फडका सगळ्यात शेवटी. फुंकर मारायची नाही, तोंडातल्या वाफेनं गुलालाचा चिखल होतो.

आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांबद्दल, म्हणजे मिरवणुकीतल्या रोषणाईच्या देखाव्यांबद्दल. गिरण्या बंद पडून वर्षं झाली तरी कामगारांनी झांक्या सोडलेल्या नाहीत, म्हणून त्या रात्री मी रस्त्यावर असतोच. हल्ली दिवे एलईडीचे असतात आणि फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. शटर १/१०० किंवा १/५० वर ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, पट्टे जवळपास जातात. झांकी सावकाश चालते, १/५० ला हलत नाही.

महूहून

पावसाळ्यावर कुणीच लिहिलं नाही. माळव्यात हवा बराच काळ कोरडी असते, म्हणून आपण लेन्स कुठेही ठेवतो. बुरशी धरते ती आषाढ-श्रावणात. घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा, आत छोटा आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. ६० च्या वर बरेच दिवस राहिला की बुरशीला वाव मिळतो. नारंगी रंगाचे दाणे घ्या, ओलावा पिऊन ते हिरवे होतात. मग ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवले की पुन्हा नारंगी. तांदूळ नको, त्याची पूड लेन्सवर बसते. डांबरगोळ्या तर मुळीच नकोत.

स्नेहलतागंजहून

सुदामानगरच्या काकांना एक विचारायचं होतं. आमच्याकडे निकॉनचा डीएसएलआर आहे आणि घरात एम ४२ ची जुनी पेंटाकॉन ५० मिमी सापडली आहे. तीच रिंग चालेल का?

सुदामानगरहून

बाळा, निकॉनच्या एफ बैठकीचं अंतर ४६.५ मिमी आहे, म्हणजे लेन्सला हवं त्यापेक्षा एक मिलिमीटर जास्त. रिंग लावलीस की ते आणखी वाढतं. लांबचं दृश्य स्पष्ट येणार नाही. आत भिंगाचा तुकडा असलेल्या रिंगा मिळतात, पण स्वस्तातल्या त्या रिंगांनी चित्राचा तजेला जातो, मी त्या घेऊ नका म्हणतो. फुलं, किडे, नाणी असं जवळचं काढायचं असेल तर साध्या रिंगेवर मजेत चालेल, तिथे वाढलेलं अंतर उलट फायद्याचंच. आणि पुढेमागे घरात मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा आला, तर सोनीच्या ई बैठकीचं अंतर फक्त १८ मिमी आहे, त्यावर हीच लेन्स लांबचंही जवळचंही काढेल. तोवर महूच्या भाऊंनी सांगितलेल्या डब्यात ठेव.