दोन टियरच्या केकसाठी डॉवेल किती लांबीचे कापावेत?

ओट्यावरची_बेकरी, नाशिक

मे महिन्यातल्या एका साखरपुड्यासाठी साडेतीन किलोच्या टू-टियर, म्हणजे दोन मजली, केकची ऑर्डर घेतली आहे. खालचा टियर १० इंची, अडीच किलोचा आणि वरचा ६ इंची, एक किलोचा असेल. स्पंज एगलेस आहे. ग्राहकाला फॉन्डंट (साखरेच्या लाटलेल्या पोळीचे आवरण) नको असल्याने आतून-बाहेरून व्हिप्ड क्रीमच वापरायचे आहे. केक गाडीने सिन्नरला पोहोचवायचा आहे. आधारासाठी खालच्या टियरमध्ये डॉवेल, म्हणजे उभ्या काठ्या, घालावे लागतात हे ठाऊक आहे, परंतु ते कापण्याबाबत दोन परस्परविरोधी सल्ले मिळाले. एका मैत्रिणीच्या मते प्रत्येक डॉवेल त्या-त्या जागेच्या उंचीप्रमाणे वेगळा कापावा, तर दुसरीच्या मते सगळे एकाच मापाचे असावेत. यांपैकी योग्य काय? लाकडी डॉवेलऐवजी जाड स्ट्रॉ चालतील का, आणि दोन्ही टियरमधून आरपार जाणारी मधली काठी घालावीच लागते का?

साखरपाक, पुणे

ताई, सगळे डॉवेल एकाच मापाचे कापावेत. वरच्या टियरचे वजन खालच्या केकने पेलायचे नसतेच. ते वरच्या टियरखालच्या बोर्डावरून डॉवेलवर आणि डॉवेलमधून थेट तळाच्या बोर्डावर उतरले पाहिजे. तळाचा बोर्ड सपाट असतो, पण केकचा माथा पॅलेट नाइफने कितीही सारखा केला तरी एखाद्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर उंच राहतो. जागेप्रमाणे वेगवेगळी मापे घेतली, तर तोच उतार वरच्या टियरला मिळतो आणि एवढा सजवलेला केक समोरून कललेला दिसतो.

माप घेण्यापूर्वी केक फ्रिजमध्ये चांगला गार होऊ द्यावा, म्हणजे क्रीम घट्ट बसते. ६ इंची रिकामा बोर्ड वर अलगद धरून टूथपिकने त्याच्या कडेची खूण करावी. त्या वर्तुळाच्या आत सुमारे पाऊण इंचावर डॉवेलच्या जागा ठरवाव्यात, म्हणजे ते बोर्डाबाहेर डोकावत नाहीत. माथा जिथे सर्वांत उंच वाटतो तिथे एक डॉवेल तळाच्या बोर्डाला टेकेपर्यंत सरळ खाली घालावा, क्रीमच्या पातळीवर नखाने किंवा पेन्सिलीने खूण करावी आणि तो बाहेर काढून पुसावा. उरलेले डॉवेल त्याच्याशेजारी आडवे ठेवून एकाच खुणेवर कापावेत. उंच जागेचे माप घेतल्याने दुसऱ्या बाजूला किंचित फट राहते, पण तिथे तसेही क्रीमचे बॉर्डर येणारच असते. सखल जागेचे माप घेतले, तर उंच बाजूला बोर्ड केकमध्ये रुततो आणि क्रीम कडेने बाहेर येते.

लाकडी डॉवेल बारीक दातांच्या करवतीने कापावेत. पकडीने तोडल्यास टोक चेपते व तिरके होते, आणि तिरक्या टोकावर बोर्ड नीट बसत नाही. कापल्यावर टोकाला पॉलिश पेपर मारून, धुऊन, पूर्ण वाळवून मगच वापरावेत. कापलेले सगळे डॉवेल ओट्यावर उभे करून वर एक ताटली ठेवली की आखूड राहिलेला लगेच सापडतो. हार्डवेअरच्या दुकानातल्या पट्ट्या किंवा रंग-पॉलिश केलेल्या काठ्या घेऊ नयेत. केकच्या सामानाच्या दुकानात खाद्यपदार्थांसाठीचेच डॉवेल मिळतात.

एक किलोच्या टियरसाठी चार लाकडी डॉवेल पुरेसे आहेत. जास्त घातल्याने मजबुती वाढते असे नाही. प्रत्येक डॉवेल आपली जागा करताना स्पंज बाजूला ढकलतो आणि मऊ एगलेस स्पंजला त्यामुळे चिरा पडू शकतात.

क्रीमरोल_कोल्हापूर

वरील उत्तराशी बहुतांशी सहमत आहे, फक्त खुणेबाबत थोडी भर घालते. फॉन्डंटच्या केकसाठी डॉवेल पृष्ठभागाशी अगदी समपातळीत ठेवावा. परंतु व्हिप्ड क्रीमचा केक काही तासांत किंचित बसतो, म्हणून मी एक-दोन मिलिमीटर जास्त ठेवते. बोर्ड क्रीमला टेकला नाही तर काही बिघडत नाही, डॉवेलला टेकला पाहिजे.

स्ट्रॉ चालतात, मात्र त्या बबल टीसाठी मिळतात तशा रुंद आणि कडक प्लास्टिकच्या हव्यात. कोल्ड्रिंकच्या साध्या स्ट्रॉ वाकतात आणि कागदी स्ट्रॉ ओलाव्याने मऊ पडतात. पोकळ असल्याने स्ट्रॉच्या आत केक शिरतो आणि स्पंज फारसा ढकलला जात नाही, शिवाय साध्या कात्रीने कापता येतात. तुमच्या केकसाठी पाच घालाव्यात. त्या उभ्या सरळच गेल्या पाहिजेत, कारण तिरपी स्ट्रॉ वजन पेलण्याऐवजी त्याच बाजूला झुकते. कबाबच्या बारीक काड्या मात्र या कामाच्या नाहीत.

ओट्यावरची_बेकरी, नाशिक

दोघींचे आभार. लाकडी डॉवेलच घेईन. मधल्या काठीचे काय करावे?

साखरपाक, पुणे

केक रचूनच न्यायचा असेल, तर मधली काठी घालावी. डॉवेल वजन पेलतात, पण ब्रेक लागल्यावर वरचा टियर सरकण्यापासून ते अडवत नाहीत. त्यासाठी वरच्या बोर्डाला मधोमध छिद्र आयसिंग करण्याआधीच पाडून ठेवावे लागते आणि काठीचे खालचे टोक तासून अणकुचीदार करावे लागते.

तथापि मे महिन्याच्या उन्हात व्हिप्ड क्रीमचा केक रचून नेण्याचा सल्ला मी देणार नाही. खालचा टियर डॉवेल बसवून एका खोक्यात, वरचा दुसऱ्या खोक्यात, असे दोन्ही गार करून न्यावेत आणि हॉलवर रचावेत. मग मधल्या काठीची गरज उरत नाही. खोकी गाडीच्या सपाट तळावर, न घसरणाऱ्या मॅटवर ठेवावीत. सीटला उतार असतो आणि मांडीवर केक हमखास कलतो. एसी निघण्याआधीच सुरू करून ठेवावा. जोडकामासाठी पायपिंग बॅगेत थोडे क्रीम, पॅलेट नाइफ आणि एखादा जास्तीचा डॉवेल सोबत असू द्यावा.

केक सोपवताना आत चार डॉवेल आहेत हे यजमानांना कागदावर लिहून द्यावे. वरचा टियर बोर्डासकट उचलून बाजूला ठेवावा आणि चारही डॉवेल मोजून काढल्यानंतरच खालचा केक कापावा, हेही त्याच कागदावर लिहावे.